चुन्याचे टिके

कसालच्या नाक्यावरच्या त्या मेस्त्रीचं नाव मी कधी विचारलं नाही. आंगणेवाडीच्या जत्रेच्या आदल्या दिवशी माझ्या प्रवासी जीपचा मागची चाकं फिरवणारा डिफरन्शियल गेला, तेव्हा तो गाडीखाली शिरला. नवा बसवून त्याच्याभोवतीचे गोलातले बोल्ट आवळताना तो एक इकडचा घ्यायचा, मग बरोबर त्याच्या समोरचा. आवळून झालेल्या प्रत्येकावर पानाच्या डबीतल्या चुन्याचा टिका बोटाने लावायचा. मला घाई होती, म्हणून माझी बडबड चालूच होती.

अचानक त्याचा हात थांबला. लागोपाठचे दोन टिके समोरासमोर न पडता शेजारी-शेजारी लागले होते. त्याने फडक्याने सगळे टिके पुसले आणि आवळलेले बोल्ट एकेक करून पुन्हा सैल केले.

"मेस्त्री, शेवटाक सगळेच घट होतले मा?" मी कुरकुरलो.

"घट होतले. पण सारखो बसाचो नाय," तो खालूनच म्हणाला. "आणि माणसा ह्येच्याच वयर बसतली."

आवाजात जराही राग नव्हता. मी देवळात उभं राहावं तसा उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी जत्रेच्या वाटेवर मागे बारा माणसं हसतखिदळत बसली होती. आपण कुणाच्या हातावर बसलोय, हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.