आमचे शंकेखोर दाजी

फोन ताईचा होता, मी शाळेत शिकवायला निघायच्या घाईत. "सुध्या, तुझे दाजी उठत नाहीत," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, नेहमीचीच तक्रार... रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दाजींनी लवकर उठणं सोडूनच दिलं होतं. जन्मभर भलत्या वेळी गाड्यांवर गेलो, आता प्रत्यक्ष देव दारात आला तरी आठच्या आत उठणार नाही, असं ते म्हणायचे. आणि वर, आलाच तर बसवून ठेव, मला त्याला दोन-चार गोष्टी विचारायच्यात, हेही ताईला बजावून ठेवायचे. मी हसून काहीतरी बोलणार, तेवढ्यात पलीकडून ताईचा नुसता श्वास ऐकू आला आणि काय ते कळलं. शिरूरहून निघालो, चौफुल्याला एसटी बदलली. दौंड येईपर्यंत डोळे पुसत होतो आणि डोक्यात सारखा एकच विचार: आता मी भांडू कुणाशी?

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे मांडवगण फराट्याचे, बौद्ध घरातले, रेल्वेत मालगाडीचे गार्ड, मुक्काम दौंड. आम्ही ख्रिस्ती; आमचे वडील, आबा, शिरूरकडच्या चर्चच्या मंडळीचे पाळक. ताई दौंडला एका दवाखान्यात नर्स होती. तिथं हे पायाला पट्टी बांधून घ्यायला आले आणि जखम भरल्यावरही येत राहिले. लग्न रजिस्टर झालं. दोन्हीकडे रुसवेफुगवे झाले, पण फार टिकले नाहीत. दाजींच्या आईनं सुनेला एवढंच विचारलं की बाजरीची भाकरी थापता येते का, आणि आबांनी जावयाला काहीच विचारलं नाही. बाप्तिस्मा घ्या, असं तर ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. ताईच्या घरात एका भिंतीवर बुद्ध होता, दुसऱ्या भिंतीवर क्रूस, आणि दाजी कुठल्याच भिंतीपुढे हात जोडून उभे राहत नसत. गावाकडचे चुलते येऊन बुद्धाच्या जन्माचे चमत्कार सांगू लागले, की त्यांचीही ते उलटतपासणी घ्यायचे. चुलते बिचारे जेवून लगेच निघायचे.

बायबलशी त्यांची गाठ पडली ती आबांमुळे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काचबिंदूनं आबांची नजर गेली. ज्या माणसाचा दिवस शास्त्र वाचल्याशिवाय सुरू होत नसे, त्याला आता दुसऱ्यानं वाचून दाखवायला हवं होतं. मी वाचायचो, पण शाळेत हजेरी घ्यावी तसा. आबा डुलक्या काढायचे. एकदा दाजी आले होते, त्यांनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं, म्हणाले, द्या इकडं. तेव्हापासून रजा मिळाली की हा माणूस दौंडहून शिरूरला यायचा आणि सासऱ्यापुढे खुर्ची ओढून बायबल वाचत बसायचा. अगदी उत्पत्तीपासून, एकही ओळ न गाळता. आम्ही विश्वासणारे वंशावळ्या आल्या की हळूच पानं उलटतो. दाजी एकेक नाव वाचायचे. दुसऱ्याच पानावर थांबले. पहिल्या अध्यायात आधी जनावरं झाली आणि मग माणूस. दुसऱ्यात आधी माणूस, आणि त्याला सोबत हवी म्हणून मग जनावरं. "आबा, ह्यातली खरी कंची धरायची?" आबांची झोप पार उडाली. नजर गेल्यापासून त्यांना इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.

मग काय, शंकांना तोटाच राहिला नाही. दावीद राजानं प्रजेची मोजदाद केली, ती शमुवेलाच्या पुस्तकात देवानं करायला लावली आणि इतिहासाच्या पुस्तकात सैतानानं. दाजी म्हणाले, गार्डला दोन ठिकाणांहून दोन हुकूम आले तर गाडी जागची हलवता येत नाही, आधी हुकूम कुणाचा ते सांगा. शिष्यांना गावोगाव पाठवताना मार्काच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो काठी घ्या, मत्तयात म्हणतो काठीही नको. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या मरणानं तर त्यांना फारच छळलं. एकीकडे तो गळफास घेतो, दुसरीकडे पडून पोट फुटून मरतो. मी म्हटलं, सोपं आहे दाजी, फास घेतला, दोर तुटला, खाली पडला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, दोर तुटल्याचं तुमी सांगताय. पुस्तकात न्हाई."

रेल्वेत काही घडलं की गार्डचा जबाब वेगळा घेतात, ड्रायव्हरचा वेगळा, आणि मधल्या रिकाम्या जागा चौकशी करणाऱ्यानं आपल्या मनानं भरायच्या नसतात, हे त्यांचं म्हणणं. मी चिडायचो. चांगलाच चिडायचो, बायबलावरचे भाष्यग्रंथ धुंडाळून पुढच्या खेपेसाठी उत्तरं तयार ठेवायचो. आबा आमच्या दोघांच्या मधे बसून मिशीतल्या मिशीत हसायचे. एकदा त्यांनी विचारलं, जावईबापू, तुमचा गार्ड आणि ड्रायव्हर शब्दाला शब्द सारखं बोलले तर? दाजींनी कबूल केलं की तसं झालं तर साहेब समजतो, दोघं ठरवून आलेत. आबांनी मांडीवर थाप मारली. त्या दिवशी दाजी एक कप चहा जास्त प्यायले आणि जाताना म्हणाले, म्हातारं भारी हाय.

आबा गेले तेव्हा हे सगळं थांबेल असं मला वाटलं होतं. पण दौंडला दर बुधवारी आमच्या लोकांची घरोघरी प्रार्थना असते. पाळी ताईकडे आली की दाजी दाराशेजारच्या खुर्चीत बसून सगळं ऐकायचे, भजनाला टाळही धरायचे. मीही त्या दिवशी मुद्दाम शिरूरहून जायचो. ताईची अट होती की चहा संपेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. तेवढी त्यांनी पाळली. कपबश्या आत गेल्या की ते घसा खाकरायचे, आणि लोक सावरून बसायचे. सुरुवातीला काही जण रागावले, पाळकांकडे तक्रारही गेली. पण पुढे पुढे असं झालं की प्रार्थना ताईकडे असली की गर्दी जास्त. एक म्हातारी आजी तर चहा बशीत ओतून घाईघाईनं संपवायची, दाजींना लवकर बोलता यावं म्हणून.

एका शंकेवर मात्र कुणी हसत नसे. बायबलातल्या एका पत्रात पौल लिहितो, माणूस तरतो तो विश्वासानं, कर्मांनी नव्हे. दुसऱ्या पत्रात याकोब लिहितो, नुसत्या विश्वासानं नाही, कर्मंही हवीत. दाजी म्हणायचे, दोघांना एका खोलीत कोंडा, काय ते ठरवून बाहेर या म्हणावं. माझं उत्तर ठरलेलं होतं: विश्वास हे झाड, सत्कर्म हे फळ, यात भांडण आहेच कुठं?

"आन् झाड नसताना फळ लागलं तर, मास्तर?"

तसं होत नसतं, असं मी ठणकावून सांगायचो, आणि तेवढ्यात ताई उठून आत गेलेली असायची. तिला वादाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला एवढंच समजत होतं की पौलाचं खरं असेल, तर मेल्यानंतर ती एकीकडे आणि नवरा दुसरीकडे. एकदा मला म्हणाली, तू वाद जिंकलास की मला भीती वाटते रे. तिनं दाजींनाही विनवून पाहिलं होतं, नावापुरता बाप्तिस्मा घ्या, माझ्यासाठी. दाजींनी तिला जवळ बसवलं आणि म्हणाले, "तुझ्यासाठी मी कायबी करीन. पर तुझ्याच देवापुढं खोटं कसं बोलू?" त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पण भीती काही गेली नाही.

दौंड जंक्शनला चुकामूक झालेली माणसं नेहमीचीच. एकदा बिहारकडची एक बाई दोन लेकरं घेऊन फलाटावर रडत बसलेली दाजींना दिसली. ती पाणी भरायला उतरली आणि गाडी नवऱ्याला घेऊन पुढे गेली. दाजी तिघांना सरळ घरी घेऊन आले. ताईनं भात टाकला, आपलं लुगडं दिलं, आणि नवरा शोधत परत येईस्तोवर ती माणसं तिथंच राहिली. त्या पोरांची भाषा कुणाला धड कळत नव्हती, तरी दाजी त्यांच्याशी मांडवगणच्या मराठीत गप्पा मारत होते. त्यांचा एक सहकारी गुन्ह्यात सापडून पुण्याच्या तुरुंगात गेला. घरच्यांनी त्याचं नाव टाकलं. दाजी अधूनमधून त्याला भेटून यायचे. मी विचारलं, निर्दोष आहे का तो? म्हणाले, "न्हाई, केलंय त्यानं. पर त्याला भेटाया कोण जात न्हाई." यात काही विशेष आहे असं त्यांना वाटतच नव्हतं, त्यामुळे मलाही तेव्हा वाटलं नाही.

अंत्यविधी त्यांच्या भावांनी बौद्ध रीतीनं केला. आमच्या मंडळीतले झाडून सगळे आले आणि मागे उभे राहिले. बशीतून चहा पिणारी ती आजी तर स्मशानाच्या फाटकापर्यंत चालत आली. आमचे आताचे पाळक तरुण आहेत, नवीन आहेत. तेही आमच्यातच मागे उभे राहिले. संध्याकाळी माणसं पांगल्यावर ताईनं मला मोरीपाशी गाठलं. "सुध्या, मला ते परत भेटतील का रे?" उत्तरांची पोती भरून ठेवणारा मी... तिला म्हटलं, देवावर सोड. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला बसली. इतकं पोरकं तिला मी आबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात सांत्वनाची प्रार्थना ताईच्या घरी झाली. जागा नव्हती म्हणून दाराशेजारच्या खुर्चीत मीच बसलो. पाळकांनी नेमका पौलाचा तोच उतारा काढला. हेतू वाईट नव्हता. ताईचा विश्वास बळकट व्हावा एवढंच त्यांच्या मनात. उतारा संपला, आता चहा येणार म्हणून लोक सैलावले. पण ताई उठली नाही. आयुष्यात जिनं प्रार्थनेत कधी प्रश्न विचारला नाही, ती मान खाली घालून म्हणाली, "पाळकसाहेब, मग मत्तयाच्या पंचविसाव्यात काय लिहिलंय? तिथं राजा न्यायाला बसतो. विश्वास कुणाला विचारतच नाही तो. भाकरीचं विचारतो."

खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. उत्तर तयार होतं, जिभेवर होतं. झाड आणि फळ. ताई माझ्याकडेच बघत होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मी म्हटलं, "ताई म्हणते तसंच लिहिलंय." पाळकांनी हळूच विचारलं, मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा, सर? म्हटलं, मला नाही घालता येत. आणि त्यांच्याकडून पुस्तक घेऊन मी तो उतारा वाचायला लागलो, सावकाश, एकही ओळ न गाळता.

राजा आपल्या उजवीकडच्या, स्वर्गात घ्यायच्या माणसांना म्हणतो, मी उपाशी होतो, तुम्ही मला खायला दिलंत. परका होतो, घरात घेतलंत. तुरुंगात होतो, भेटायला आलात. आता कुणीही मान डोलवून आत गेलं असतं. पण ही माणसं जागची हलत नाहीत. ती राजालाच विचारतात की, हे कधी झालं? आम्ही तुला कधी पाहिलं? हे मी लहानपणापासून वाचत आलोय, पण स्वर्गाच्या दारात उभं राहून, देवाच्या तोंडावर त्याच्या बोलण्याची शंका काढणारी ही माणसं मला कधी दिसलीच नव्हती. मी तीच ओळ पुन्हा वाचली.

ताईनं डोळ्याला पदर लावला होता, आणि त्या पदराआड ती चक्क हसत होती.

"थांब सुध्या," ती म्हणाली, "हे तर तुझे दाजीच बोलतायत."