पिकअप चार बोटं उंच झाली

आमची पिकअप आमच्याकडे आली तेव्हा तिचं आधी एका मालकाचं घर बघून झालं होतं. हौदा निळा, दरवाजे पांढरे आणि डाव्या बाजूचा आरसा तारेनं आवळून बांधलेला. साखऱ्याच्या शिवारात आमचं कोरडवाहू रान आहे आणि घरच्या शेळ्या-मेंढ्या आहेत. बाजाराच्या दिवशी बोकडं न्यायची, एरवी गावातल्या लोकांची तूर, सोयाबीन हिंगोलीला पोचवायचं, म्हणून घेतलेली. चालवायचा माझा नवरा. मी त्याला कधी नावानं हाक मारली नाही, त्यामुळे इथंही 'हे' असंच लिहिणार. हाताला तेच वळण आहे.

गाडीत दोष एकच. ती बुटकी होती. डांबरी सडकेवर ते कुणाला कळायचं नाही, पण आमच्या आखाड्याकडं, म्हणजे रानातल्या गोठ्याकडं, जाणारी वाट काळ्या मातीची. ट्रॅक्टरांनी दोन्ही बाजूंच्या चाकोऱ्या खोल करून ठेवलेल्या आणि मधे गवताळ वरंबा. पाऊस होऊन गेला की पिकअपची चाकं चाकोरीत उतरायची आणि तिचं पोट वरंब्यावर टेकायचं. मग चाकं जागच्या जागी गरगर फिरायची आणि धक्का देणाऱ्याच्या तोंडावर चिखल.

एका बाजाराच्या सकाळी ती अशीच बसली. मागं बोकडं भरलेली. शेजारच्या रानातला गडी बैलं घेऊन मदतीला आला. बैलं जुंपायच्या आधी त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून बघितलं आणि गंभीर तोंडानं विचारलं, "बसली काहून? रवंथ करून राहिली काय?"

मला हसू आवरेना. यांना मात्र ते लागलं. परत येताना म्हणाले, "आता गाडी उंच करायची."

"उंच करायची म्हणजी? खत घालायचं का तिला?"

"नवे पाटे, लांब शॉकअप, मोठे टायर. मोबाइलमधी दाखवतेत की."

त्यानंतर संध्याकाळी जेवण झालं की आमच्या ओट्यावर मोबाइल चालू. कुठल्या कुठल्या मुलखातल्या पिकअप, माणसाच्या छातीएवढ्या चाकांच्या, दगडांवरून खारीसारख्या चढायच्या. हे प्रत्येक वेळी "आता बग, आता बग" म्हणायचे. मी तोंडानं "त्यात काय" म्हणायची, पण खरं सांगते, मलाही बघायला आवडायला लागलं होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या एकदा मागून डोकावल्या आणि म्हणाल्या, "ह्यायच्या गाड्या रिकाम्याच हिंडतेत का रं? माल कुठं हाय?" त्यावर यांनी मोबाइल बंद केला.

शेवटी एके दिवशी आम्ही दोघं हिंगोलीच्या गॅरेजात गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं, पण हे एकटे गेले तर गाडी घराच्या माळवदाएवढी उंच करून आणतील अशी मला भीती होती. गॅरेजवाला अंगानं थोराड, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. यांनी त्याला मोबाइल दाखवला. त्यानं हात पुसून तो घेतला, सगळं शेवटपर्यंत बघितलं आणि परत देत म्हणाला, "भाऊ, तुमाला बोकडं न्यायची का डोंगर?"

"वाटंनं पोट टेकतंय हो. लई तकलीफ हाय."

"मग पोट उचलू. पण इतकी उंच केली तं वळणावर कलंडंल. आन् पासिंगला नेली तं साहेब तिथंच उभी करून घेईल. दोन बोटं बस झाली."

"आठ बोटं करा," हे म्हणाले.

आणि मग जे झालं ते मी बाजारात लहानपणापासून बघत आले होते. बोकडाचा सौदा करताना दोघं रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात आणि तोंडानं काहीच बोलत नाहीत, तसे हे दोघं समोरासमोर उभे. यांनी सहा बोटं दाखवली. त्यानं मान हलवून तीन दाखवली. यांनी पाच. तो चहा प्यायला बसला. मी म्हणाले, "ओ दादा, चार करा आन् मिटवा. मला बी त्यात चढायचं हाय."

"भाभी बराबर बोल्ल्या," तो म्हणाला, आणि चार बोटांवर सौदा ठरला.

गाडी जॅकवर चढली. चाकं निघाली, मग जुने पाटे. लोखंडाच्या त्या वाकलेल्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांवरच सगळा भार. मागच्या पाट्यातली एक पट्टी मधोमध तुटलेली निघाली. इतके दिवस आम्ही त्याच पाट्यावर पोती नि बोकडं घालून हिंडत होतो. हे तुटका तुकडा हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसले. मग मला म्हणाले, "बग, मी उगंच हट्ट करून राहिलो न्हवतो." मी म्हणाले, "व्हय, तुमाला आधीच दिसलं होतं ते." पण खोचक बोलूनही मला बरंच वाटलं होतं. घाटात कुठं तुटली असती तर, हा विचार दोघांच्याही मनात आला होता.

पुढं नवे कमानदार पाटे बसले, मागच्या एक्सलवर लोखंडी ठोकळे, आणि चारी बाजूंना लांब शॉकअप. मग चाकांची निवड. साध्या चंदेरी डिस्क मला बऱ्या वाटल्या. यांनी काळ्या, कडेला चकचकीत पट्टी असलेल्या डिस्क उचलल्या आणि लेकराला धरावं तशा मांडीवर धरून बसले. त्यांवर जाड बटनांचे, चिखलात पकड धरणारे टायर चढले. त्या टायरांना नव्या रबराचा असा वास होता की यांनी नाक लावून हुंगला. दुपारी मी भाकरी, ठेचा सोडला, गॅरेजवाल्यानं घरून आलेली खिचडी पुढं केली, आणि आम्ही तिघं गाडीच्या सावलीत जेवलो.

काम झालं, गाडी जॅकवरून उतरली. गॅरेजवाला मोठ्या ऐटीत चालवून दाखवायला निघाला, आणि पहिल्याच वळणाला टायर मडगार्डला असा घासला की रस्त्यावरची माणसं थांबली.

"हे काय?" हे ओरडले.

"नवीन हाय, लाजून राहिली," तो म्हणाला. मग मडगार्डची आतली कड ठोकून वर घेतली, पुन्हा वळवून बघितली, पुन्हा ठोकली, आणि संध्याकाळच्या आत ती गुमान वळायला लागली.

घरी येताना मला पहिल्यांदा कळलं की चार बोटं म्हणजे किती असतात. त्याच सडकेनं मी कितीदा गेले असेन. पण आता सडकेकडेच्या झुडपांवरून पलीकडचं दिसत होतं. कुणाच्या रानात खुरपणाऱ्या बाया जेवायला बसल्यात, कुणाच्या विहिरीवर नवी मोटार बसली, कोण बांधावर पालथा पडून मोबाइल बघतोय, सगळं. मी गावापर्यंत यांना एकेक सांगत आले. हे म्हणाले, "आता तुला बातम्या लावायची गरज न्हाई."

गावात गर्दी जमली. कुणी टायर दाबून बघितला, कुणी खाली वाकून पोट बघितलं. आत्या बाहेर आल्या, गाडीपाशी उभ्या राहिल्या. सीट त्यांच्या छातीबरोबर.

"ही गाडी हाय का माळवद?" त्या म्हणाल्या. "शिडी कुठं हाय हिची? मी न्हाई बसायची बाबा."

दुसऱ्या दिवशी बाजाराला न्यायच्या शेळ्यांनीही तेच सांगितलं. आधी हौद्याचा मागचा फाळका पाडला की त्या उड्या मारून हौद्यात जायच्या. आता पुढची शेळी फाळक्यापाशी आली, मान वर करून बघितली आणि मागं वळली. बाकीच्या तिच्यामागं. यांनी एकेक उचलून चढवायला सुरुवात केली. एक चढवली की दुसरी खाली उडी मारायची; उतरायला त्यांना उंची आडवी येत नव्हती. यांचा सदरा घामानं भिजला. फळी लावून बघितली तर फळीवरून कुणी यायला तयार नाही.

मी म्हणाले, "गाडी उकिरड्याला लावा."

"काय?"

"उकिरड्याला. त्याच्यावर त्या रोज चढतेत."

यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जणू देवाच्या पालखीला शेण लावायला सांगितलं. काल आलेल्या काळ्या डिस्क, त्यांची चकचकीत पट्टी, आणि उकिरडा! पण बाजाराची वेळ टळत होती. दात खात यांनी गाडी मागं घेतली. चाकं शेणात रुतली, फाळका उकिरड्याच्या माथ्यावर टेकला, आणि पुढची शेळी आपल्याच घरात शिरावी तशी चालत हौद्यात गेली. मागून बाकीच्या सगळ्या. यांनी फाळका लावला, खाली उतरून चाकं बघितली आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं पट्टी पुसायला लागले. मी घरात जाऊन हसले.

आखाड्याची वाट आता गाडीला काहीच वाटेना. श्रावणात झड लागली तरी वरंबा खालून निघून जायचा. बैलवाला शेजारी वाटेत भेटला की हात जोडायचा.

मग एक दिवस निरोप आला, की आत्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे यांच्या मावशींचा, पाय मुरगळला आहे. ती सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या वस्तीवर राहते. दोघी बहिणी कितीतरी दिवसांत भेटल्या नव्हत्या, कारण पावसाळ्यात त्या वस्तीवर ना एसटी जाते ना ऑटो. आत्यांनी निरोप ऐकला, चहा पिला, आणि ज्या गाडीत बसणार नाही म्हणाल्या होत्या तिच्याकडं बघत म्हणाल्या, "तुपली गाडी जाईल का रं तिथवर?"

हे एवढे खूश झाले की जेवायलासुद्धा थांबले नाहीत. त्यांनी आत्यांना उचलून आत ठेवायची तयारी केली. आत्या दोन पावलं मागं सरल्या.

"हात लावू नको. सगळ्या गावासमोर मला पोत्यावानी उचलतो का? मी मागं बसते. लाव उकिरड्याला."

"माय, तू शेळी हाईस का?"

"शेळ्या चढतेत, मी काहून न्हाई?"

मी हौद्यात गवत पसरलं, त्यावर गोधड्या टाकल्या. आत्यांनी लुगडं खोचलं, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि ताठ मानेनं उकिरडा चढून हौद्यात उतरल्या. बघायला गल्ली जमली होती. आत्यांनी गोधडीवर मांडी घातली, सगळ्यांवरून एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "चाल."

औंढ्याच्या पुढं वाट चिखलाची झाली. एका ठिकाणी दुधाची गाडी पोट टेकून बसलेली होती. यांनी दोर लावून तीही ओढून काढली, आणि दूधवाल्यापेक्षा यांनाच जास्त आनंद झाला. वस्तीवर पोचलो तेव्हा मावशी दारात खाटेवर पाय लांब करून बसलेल्या. आत्या हौद्यातूनच ओरडल्या, "ए पोरी, उठ, गाडी आली!" सत्तरी गाठलेल्या बाईला पोरी म्हणणारं माणूस समोर आलं आणि मावशी हसता हसता रडायला लागल्या.

पाय सुजला होता, पण मोडलेला नव्हता. हाडवैद्यानं लेप लावून पट्टी बांधली होती. जेवणं झाल्यावर मावशी म्हणाल्या, धरणाचे दरवाजे उघडलेत, पण हा पाय असा; सगळी दुनिया बघून आली, मीच राहिले. यांना तेवढंच हवं होतं. खाट फाळक्याला लावली, मावशींना खाटेवरून हौद्यात घेतलं.

धरणावर जत्रेसारखी गर्दी. माणसं टाचा उंचावून बघत होती, लेकरं बापाच्या खांद्यावर. आमच्या दोघी म्हाताऱ्या मात्र सगळ्यांच्या वर, गोधडीवर आरामात. पाण्याचा तो पांढरा लोट बघून दोघींनी हात जोडले. मग आत्यांनी दुसऱ्या बाजूला, अडलेल्या पाण्याकडं बोट केलं.

"तिथं आपल्या बापाची मेंढरं बसायची. आठवतं का?"

"आठवतं की," मावशी म्हणाल्या. "तू मला तिथंच ढकललं होतं चिखलात."

"तू माझी भाकर खाल्ली होती."

"अर्धीच खाल्ली होती!"

पाण्याखाली गेलेल्या त्या रानात दोघींचं भांडण असं ताजं होऊन उभं राहिलं की मी आणि हे एकमेकांकडं बघत राहिलो. भांडता भांडता त्यांनी गरम भजी खाल्ली, आणि शेवटचं भजं कुणी घ्यायचं यावरूनही झालंच.

निघताना आत्या म्हणाल्या, "हिला इथं कोण बगणार? घेऊन चला." मावशींनी दोन लुगडी बांधली, कोंबड्या शेजारणीकडं दिल्या. परतीला हे इतकी हळू गाडी हाकत होते की मागची ट्रॅक्टरंसुद्धा आम्हाला ओलांडून गेली. मी पुढं बसले होते. मागच्या काचेतून दोघींच्या पांढऱ्या डोक्यांवर पदर फडफडताना दिसत होते, आणि हसण्याचा आवाज इंजिनाच्या वर येत होता.

मावशी आठ दिवसांसाठी म्हणून आल्या. पाय बरा झाला तरी राहिल्या, सोयाबीन निघाल्यावरही राहिल्या, आणि दिवाळी करूनच गेल्या.