मोटेचा पडदा

आबा सोमवारी सकाळी आमच्या दारात उभे राहिले ते खांद्यावर पिठाची पिशवी घेऊन. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, म्हणून पीठ स्वतःचं आणलेलं. मी म्हटलं, "भाकरी तर मीच थापणार की." तर म्हणाले, "थाप. पीठ माझं हाय."

ते का आले होते हे मला ठाऊक होतं. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि तेवढ्यात ह्यांनी पेढीवरची कारकुनी सोडून नाटक कंपनीचे पडदे रंगवायला घेतले होते. आमच्या गावात ती बातमी पोचली ती जावई नाटकात नाचतो अशी. घोंगडीवर टेकता टेकताच आबांनी सांगून टाकलं, "आठ दिस ऱ्हातो. बघतो. न्हाय पटलं तर येत्या सोमवारी पोरीला घिऊन जातो."

हे नुसते 'बरं' म्हणाले. मला जायचं नव्हतं. महाराजांचा गुणी माणसांवर जीव, त्यामुळे गवई, पैलवान, चितारी सगळे तेव्हा कोल्हापुरात जमलेले. दर चार दिवसांनी काहीतरी नवं कानावर पडायचं आणि मला त्याची चटक लागली होती. खरं सांगायचं तर ह्यांचीही लागली होती.

सासऱ्याला कोल्हापूर दाखवून विरघळवायचं असं ह्यांच्या मनात. मंगळवारी पहाटे अंबाबाईच्या देवळात गाणं होतं, तिथे घेऊन गेलो. गवयानं आलाप लावला तो लावलाच. आबांनी बराच वेळ वाट पाहिली आणि मग शेजाऱ्याला विचारलं, "ह्यास्नी शब्द कवा सापडायचं?" बुधवारी हे त्यांना कुस्त्यांना घेऊन गेले. घसा बसेपर्यंत ओरडून आबा हसत घरी आले, आणि मला वाटलं, जिंकलं. पण भाकरी मोडता मोडता म्हणाले, "पावणं पैलवान असतं तर गोष्ट येगळी हुती." पेठेत शाहिराचा डफ ऐकला, शुक्रवारी देवीची पालखी झाली. आबा सगळीकडे आले, सगळं बघितलं, आणि माझ्याविषयी अक्षर काढलं नाही. ह्यांची सगळी भिस्त मग रविवारच्या दुपारच्या खेळावर. त्यात ह्यांनी रंगवलेला पडदा पहिल्यांदा लागणार होता.

त्या पडद्याची मला आधीपासून धास्ती होती, आणि ती मी कुणाला सांगितलेली नव्हती. नाटकात राजा तहान लागून एका मळ्यात येतो, म्हणून पडद्यावर विहीर आणि चालती मोट. ह्यांचा जन्म पेठेतला. मोट बघितली ती रस्त्यानं जाता येता. म्हणून रोज जेवणं झाली की मला आमच्या मळ्याचं विचारायचे आणि मी सांगायचे. आमच्या बैलाचं वाकडं शिंगसुद्धा ह्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. पडदा वाळत घातला तेव्हा मी बघायला गेले. कातडी मोट भरून विहिरीच्या तोंडाशी आलेली, पाणी धो धो पडतंय, आणि बैल तिथेच, विहिरीला लागून उभे. आता मोट वर यायची तर बैलांनी नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, ओढत विहिरीपासून लांब उतरणीवरून खाली जायला हवं. पाणी वर असतं तेव्हा बैल पार खालच्या टोकाला असतात. हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. पण हे माझ्या तोंडाकडे इतक्या आशेनं बघत होते की मी म्हटलं, "छान झालाय."

रविवारी मी वर बायकांच्या माडीत बसले. आबा खाली, पुढेच. पडदा लागला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. राजानं पद सुरू केलं, तेवढ्यात आबा उठून उभे राहिले. "आरं, ह्यो तर माझा बैल हाय की," म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की मला रडू यायला लागलं. मग ते थांबले. निरखून बघितलं. आणि मळ्यातल्या आवाजात म्हणाले, "पानी वर आलंय तर बैल वर कसा? खाली धाडा त्येला."

नाटकगृह हसून लोटपोट झालं. निम्मे प्रेक्षक शेतकरीच. एकदा दाखवल्यावर सगळ्यांनाच ते दिसायला लागलं. राजाचं पद कुठच्या कुठे गेलं.

घरी आल्यावर हे भिंतीकडे तोंड करून बसले. मला राहवेना. म्हटलं, "मला आधीच दिसलं होतं." हे गर्रकन वळले. "दिसलं होतं आणि बोलली नाहीस? मी तुला विचारत होतो ते कशासाठी?" लोक हसले त्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं.

आबा उंबऱ्यात बसून ऐकत होते. ते माझ्याकडे वळले. "भ्यालीस व्हय ह्यास्नी?" मी म्हटलं, "न्हाय आबा." त्यांना ते पटलं नाही. "जितं लेकीला चूक म्हनाया तोंड न्हाय, तितं मी ठिवनार न्हाय. उद्या सकाळी आवर."

सकाळी मी गाठोडं बांधलं. पण हे दारात उभे राहून आबांना म्हणाले, "न्या. त्याआधी एवढा पडदा नीट करून द्या." आम्ही तिघं कंपनीच्या पडदे रंगवायच्या छपरात गेलो. ह्यांनी कोळसा आबांपुढे धरला. आबांनी हात मागे घेतला, "मला कुटलं चित्र येतंय," आणि माझ्याकडे बोट केलं.

मी कोळशानं रेघ मारली. उतरण इथून, बैल इथे. हे म्हणाले, इतके खाली गेले तर मधली जागा मोकळी पडते. मी म्हटलं, मोकळी पडू दे, तिथं नाडा असतो. हे म्हणाले, लोकांना बैल दिसायला हवेत. माझं डोकं फिरलं. पदर खोचला आणि ओरडले, "काल बघितलं न्हाय व्हय लोकांनी? खाली घ्या म्हंटलं की खाली घ्यायचं. आनखी. आनखी खाली." हेही तोंड सोडून भांडले. बैल चारदा पुसले. आबा आहेत हेच मी विसरून गेले.

पाचव्या वेळी बैल बरोबर उभे राहिले. हे कपाळाचा घाम पुसत आबांना म्हणाले, "आता पटला का पडदा?"

"त्यातलं मला काय कळतंय," आबा म्हणाले आणि उठून पटका नीट केला. "पोरगी आरडती हितं, त्ये ऐकलं. ऱ्हाऊ द्या तिला. मी निगतो."

मी काळ्या हातांनीच त्यांच्या पाया पडले.