अंगठ्याखालचा नारळ

माझा सोबती नामदेव आता नाही. काल त्याच्या मुलानं बोअरची जागा पाहायला त्यांच्या बांधावर नेऊन पूजेचा नारळ माझ्या हातात दिला, आणि शेंडीच्या वासानं चाळीस वर्षांपूर्वीचं ऊन आठवलं.

तेव्हा गावकामात मी पुढे, शिवाय पाणाड्या. तळहातावरचा आडवा नारळ उभा राहिला, की खाली पाणी. गावविहिरीसाठी जागा शोधत फिरताना नामदेवच्या याच बांधावर नारळ उठू लागला. विहीर मला माझ्या शेतात हवी होती. मी अंगठ्यानं नारळ दाबला.

"हालला काय, भाऊ?" नामदेवनं विचारलं.

"नाही बे, वारा हाये."

झाडाचं पानही हलत नव्हतं.

मग विहीर माझ्या शेतात खोदली गेली, तिला खारं पाणी लागलं. गाव तेच प्यायलं; नामदेवही, मरेपर्यंत.

काल अंगठ्याखाली नारळ पुन्हा उठू लागला.

"हालला काय, काका?" मुलानं बापाच्याच आवाजात विचारलं.

मी अंगठा काढला.