एकाच तारखेचं आयुष्य

जव्हारला मी खोली घेतली ती रेंजसाठी. आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर फोन लागला तर लागला. काम दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची चाचणी घेण्याचं. खोट्या बायका, खोटी बाळं डेटाबेसमध्ये भरायची आणि प्रोग्राम कुठे अडखळतो ते बघायचं.

एक दिवस खोटं काही सुचेना, म्हणून माझ्या ताईच्या मुलीची नोंद टाकली. जन्माची तारीख आणि मृत्यूची तारीख एकच. प्रोग्रामने ती घेतलीच नाही. मृत्यू जन्मानंतरच्या तारखेला हवा, म्हणे!

साहेब पुण्याहून फोनवर म्हणाले, "अगं, अशी केस येत नाही. काढून टाक ती." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "येत नाही कशी? माझ्या मांडीवर गेली ती!" मी ओरडलेच. मग ते हळूच म्हणाले, "रकाना बदलू या."

तोवर त्या रकान्यात नुसती तारीख मावायची, आता वेळही मावणार होती. पण जुन्या नोंदींना वेळ नव्हतीच, त्यामुळे बदल झाल्यावर सगळीकडे रात्रीचे बारा बसले. पोरीची नोंद नुसत्या तारखांनी पुन्हा टाकली, तर जन्म बाराला, मृत्यूही त्याच बाराला. वय शून्य. मला रडूच आलं. अख्खा दिवस जगली होती हो ती.

रविवारी पाड्यावर गेले आणि ताईला भीतभीत वेळ विचारली. ती नागली पाखडत होती. हात थांबला नाही तिचा. "गुरं सोडली तेव्हा झाली. गुरं माघारी आली तेव्हा गेली," ती म्हणाली. मग पाखडता पाखडता, "मधी दोनदा प्यायली गं. ते पण लिही."

त्याला रकाना नाही, हे मला सांगवेना. "लिहिते," म्हटलं.

परत येऊन अंदाजाने वेळा भरल्या. प्रोग्रामने गुमान घेतल्या. पण चाचणीचा डेटाबेस दर खेपेला पुसतात आणि नव्याने भरतात. म्हणजे दर खेपेला ती जन्मते, आणि मृत्यूची वेळ भरायची मी.

परवा हात धजेना. तो रकाना मी रिकामाच ठेवला. पडद्यावर तिचं आजचं वय आलं, चार वर्षं. अंगणवाडीत जायला लागली असती. मी नुसती बघत बसले. मग चाचणी का अडली म्हणून साहेबांचा फोन आला, आणि मी वेळ भरली.