पायांनी म्हटलेली दिडकी

अमीन मास्तरांना 'नाच्या मास्तर' हे नाव गावाने ठेवले, असे सगळे समजतात. ते मी ठेवले. इतकी वर्षे त्यांचा विषय निघाला की मी पानाचा डबा शोधायला उठायचो. आता त्यांना ओळखणारे थोडेच उरलेत, मीही फार दिवसांचा नाही; म्हणून लिहून टाकतो.

स्वराज्य यायच्या दोनतीन वर्षे आधी तिसगावच्या पुढच्या एका खेड्यात आम्ही दोघेच शिक्षक होतो. दुसरी-चौथी माझी, पहिली-तिसरी त्यांची. मी ट्रेनिंगला पहिला आलेला, म्हणून वयाने लहान असूनही हेडमास्तर. ते नुसते सातवी फायनल पास, पिंजाऱ्याचे चिरंजीव. कापूस पिंजणाऱ्या बापाच्या धनुकलीचा ठेका त्यांच्या टाचेत कायमचा राहिला होता.

ते वहाणा बाहेर काढून अनवाणी शिकवीत. दिडकी, म्हणजे दीडाचा पाढा, तर अंगणातच चाले. चुन्याच्या रेघांवरून पोरे एक पूर्ण पाऊल टाकीत, एक अर्धे, दीड. पुन्हा तसेच, तीन. "आधी पायाला कळू द्या, गुरुजी," ते मला म्हणत, "डोक्याला निरोप तोच पोचवतो."

कविता शिकवताना चाल सांगत नसत. "चाल तुमच्या घरात हाय, घेऊन या," म्हणत. कुणी मोटेवरची आणी, कुणी जात्यावरची. कुंभाराच्या चंद्रीने मडके थापटायचा ठेका आणला, तर तासभर सगळा वर्ग तिच्या हातावर हलत होता. पलीकडे मी चौथीला नद्या सांगत होतो. माझी पोरे समोर बघत होती, पण बसल्या जागी त्यांचे अंगठे हलत होते. ते अंगठे मला रोज दिसायचे.

एकदा चंद्रीची आई मडकी विकायला आली. "मास्तर, मागल्या साली तुमच्याकडं पोर मुकी हुती. आता भाकरी थापताना बी पाढं म्हंती," मला म्हणाली. तिच्या मनात काही नव्हते. मी मात्र त्याच संध्याकाळी पारावर ते नाव सोडले.

अमीन मास्तरांना हिवताप आला तेव्हा मी तिसरीवर गेलो. बसवून दिडकी विचारली, तर पोरे साडेचारला अडली. उभी केली, तशी घडाघडा म्हणाली. बरे होऊन आल्यावर मी हे त्यांना ऐकवले. ते हसले. "अजून पायातच हाय, गुरुजी. वर चढायला दोनतीन महिने लागतील. घाई करू नका."

पंधरवड्याने शाळाखात्याचे डेप्युटी तपासणीला आले. त्यांना आणायला मीच गेलो आणि वाटेत म्हणालो, "साहेब, तिसरीला खाली बसवून, हाताची घडी घालून विचारा. म्हणजे खरे काय ते कळेल."

पोरे अडली. चंद्रीचा अंगठा हलला, तसे साहेब म्हणाले, "पाय आवर. ही शाळा आहे की फड?"

"साहेब, एकदा उभं ऱ्हाऊ द्या त्यास्नी," अमीन मास्तर म्हणाले. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी हजेरीपट चाळत राहिलो.

त्यांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरात झाली. सुट्टीनंतर तीच पोरे चौथीत माझ्यापुढे आली. मांडी घालून, घडी घालून, दिडकी कुठेही न अडता म्हणाली. डेप्युटींनी शेरेबुकात माझी तारीफ लिहिली आणि मी खाली सही केली. गाणी मात्र बंद पडली. एकदा मी म्हटले, "लावा की चाल," तर पोरे माझ्या तोंडाकडे बघत बसली.

पुष्कळ वर्षांनी त्यांना कोल्हारला, लेकीच्या घरी गाठले. त्यांनी नातवाला हाक मारली. "सलाम कर. आमचे हेडमास्तर. मला गाडीवर पोचवायला हेच आल्ते."

"अमीनभाई, त्या दिवशी साहेबांना मी..."

"जाऊ द्या वो. तुमी गप ऱ्हायला. तुमची बी नोकरी हुती."

न मागितलेली माफी देऊन ते मोकळे झाले. लेकीने चहा आणला, तो पिऊन मी उठलो. पुढच्या वर्षी ते गेल्याचे कार्ड आले.

सांगायचे होते ते एवढेच: अमीनभाई, पोरांना खाली बसवायला मीच सांगितले होते. तुमचा वर्ग मला बघवत नव्हता.