चौथी बाटली मी वगळली नाही

हा अनुभव लिहू की नको, असं करत दोन महिने गेले. इथले इतरांचे भुताखेतांचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगते, आजवर एकावरही माझा विश्वास बसलेला नाही. देवचार, चकवा... मसुऱ्याजवळच्या आमच्या वाडीत प्रत्येक वळणाला एक गोष्ट आहे, आणि त्या सगळ्या वळणांवरून मी एकटी सायकलने शाळेत गेलेय. तेव्हा 'शेवटी तुझाही विश्वास बसला ना' असं कृपया कोणी म्हणू नका. नाही बसलेला. जे दिसलं ते फक्त सांगतेय.

मी सावंतवाडीला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा चिऱ्यांच्या खाणीवर कापायची मशीन चालवतात. कोकणातली घरं बांधायचा तो तांबडा जांभा दगड. जांभ्यात लोखंड असतं, म्हणून तो लाल. मंगळाची माती लाल असण्याचं कारणही लोखंडच. म्हणून सरांनी मला प्रोजेक्ट दिला — अशा कोरड्या, लोखंडी दगडात जीव तग धरतात का, आणि असले तर ते ओळखायचे कसे? मंगळावर पूर्वी उतरलेल्या यानांनी मातीला थोडं पोषक पाणी पाजून वायू निघतो का ते पाहिलं होतं. वायू निघाला. पण तो जिवांचा की नुसत्या रसायनांचा, यावर वाद आहे. मला तेच छोट्या प्रमाणात करायचं होतं.

प्रोजेक्ट निवडला गेला तर एका मोठ्या संस्थेत उन्हाळी ट्रेनिंग मिळणार होतं. आणि ते मिळालं तरच पुढे एम.एस्सी., नाहीतर नोकरी, असं घरात ठरलं होतं.

चार बंद बाटल्या होत्या. पहिल्या दोन्हींत सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळपठारावरच्या दगडाचा चुरा. तिसरी रिकामी. चौथीत खाणीतल्या दगडाचा चुरा, पण ओव्हनमध्ये तासन्‌तास भाजून पूर्ण निर्जीव केलेला. प्रत्येकीत साखरपाण्याचे दोन थेंब आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारा सेन्सर. चौथीची रेघ सपाट राहायला हवी होती. मेलेला दगड कसा दिसतो, हे दाखवायलाच ती होती.

चौथीची रेघ जिन्यासारखी वर चढत होती.

सकाळी आठला सुरू, एक वाजता थांबायची. दोनला परत सुरू, पाचला बंद. सोमवारी दिवसभर सपाट. आधी वाटलं, दुपारच्या उन्हाने होत असेल. पण ऐन उन्हातच तर ती थांबत होती... मी तिसरीचा सेन्सर चौथीला लावला, विजेऐवजी बॅटरीवर चालवून पाहिलं, नवा चुरा भाजून नव्या बाटलीत भरला. तोच जिना.

लॅबमधले नाईकमामा बाटलीकडे बघत म्हणाले, "एक ते दोन सुट्टी? सरकारी नोकर दिसता गो ह्यो."

ते हसले. मी नाही हसले. आठ ते पाच, मध्ये जेवण, सोमवारी सुट्टी — ही वेळ मला लहानपणापासून पाठ होती. बाबांच्या खाणीची. पन्नासेक किलोमीटर लांब.

त्या संध्याकाळी बाबांना फोन केला. "बाबा, उद्या तुमका वाटात तेवा मशीन अर्दो तास बंद करा. कदी ता माका सांगू नकात. कागदार लिवन ठेवा."

"मुकादम माका खुळो म्हणतलो."

"म्हणांदे."

दुसऱ्या दिवशी चौथीची रेघ दहा चाळीसला थांबली आणि सव्वाअकराच्या आसपास पुन्हा चढू लागली. मी वेळ वहीत लिहिली, मगच बाबांना कागदाचा फोटो पाठवायला सांगितलं. सिमेंटच्या पिशवीच्या तुकड्यावर त्यांचं अक्षर — 'धा चाळीस बंद. सव्वा अकरा चालू.'

वेळा जुळल्याचं मी बाबांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "चेडवा, रागव नको. तुका कोणी हात लावक नाय असो दगड व्हयो होतो ना? मगे मी राखणदाराच्या चिऱ्याचो कुडको दिलंय."

आमच्याकडे खाण उघडताना एका कोपऱ्यात राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, गाऱ्हाणं घालून प्रार्थना करतात आणि नारळ ठेवतात. त्या जागेचा चिरा कोणी कापत नाही, खाण संपेपर्यंत. मला ताज्या, हात न लागलेल्या दगडाचा नमुना हवा होता. बाबांनी अख्ख्या खाणीत ज्याला कोणीच हात लावत नाही, तो दगड शोधून दिला.

"इचारून घेतलंय हां," ते म्हणाले. "पण परत नेवन ठेवया. माजा आयक."

मी नाही म्हटलं. तो दगड होता, आणि मी तो नीट भाजला होता.

सरांनी आलेख दोनदा पाहिला. "कंटॅमिनेशन लिही आणि चौथी वगळ. पहिल्या दोन चांगल्या आहेत, त्यावर निवड होईल."

मी चौथीच्या रेघेवर बोट ठेवलं. "सर, जंतू जेवायला सुट्टी घेत नाहीत."

"मग परीक्षकांना काय सांगशील?"

"माहीत नाही, असं सांगेन."

तसंच सांगितलं. चारही आलेख दाखवले. एक परीक्षक हसले, दुसऱ्यांनी विचारलं की घरी कोणी पूजापाठ करतं का. निवड झाली नाही.

गेल्या आठवड्यात घरी गेले. वाटलं होतं, निवड गेली म्हणून बाबा बोलतील. त्यांनी बिस्किटांचा डबा पुढ्यात ठेवला. आत चिठ्ठ्या. मी न सांगता ते अधूनमधून मशीन बंद करत राहिले होते आणि वेळ लिहून ठेवत होते. बाटली मी लॅबमधून माझ्या खोलीवर आणलीय, ती अजून चालू आहे, नोंदी फोनमध्ये येतात. आम्ही ओसरीवर बसून एकेक चिठ्ठी ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या. एक सोडून. चिठ्ठीत तीन वाजता बंद, पण रेघ तर चढतच गेलेली.

मला सुटका झाल्यासारखं वाटलं. म्हणजे कुठेतरी चूक होती...

बाबा म्हणाले, "ती मी खोटी लिवलंय. मशीन बंद करूक नाय. बघूक, तुजी बाटली माजा आयकता काय खाणीचा."

चौथी यत्ता शिकलेत ते. कोणत्याही परीक्षकाला हे सुचलं नव्हतं. थोड्या वेळाने डबा बंद करत त्यांनी विचारलं, "थंय मंगळार दगड घेतल्यानी, तेवा इचारल्यानी कोणाक?"

मी चिठ्ठ्यांचा डबा माझ्या पिशवीत ठेवला. पावसासाठी खाण बंद झालीय आणि रेघ सपाट आहे. कोणाला ही चूक वाटत असेल तर चूक दाखवा, राखणदार वाटत असेल तर तो दाखवा. बाबा अजूनही म्हणतात, दगड परत ठेवूया. आणि म्हणतात, एम.एस्सी.चा फॉर्म भर. दुसरं मी ऐकलंय.